डोक्यावर फेस, हातात घड्याळ

मीटिंग संपली आणि लॅपटॉप उलटा करून टेबलावर हलकेच आपटला, तर बटणांच्या फटींतून पांढरा भुगा पडला. क्षणभर वाटलं, खोडरबराचा चुरा असेल. पण खोडरबर हातात धरून मला कितीतरी वर्षं झाली होती. तास-दीड तास मी समोरच्यांचं ऐकता ऐकता डोकं खाजवत होते आणि त्याचा हिशेब कीबोर्डने जपून ठेवला होता.

कोंडा मला नवा नव्हता. वयात आले तेव्हापासूनचा सोबती. गडद रंगाचे कपडे कपाटात हळूहळू मागे सरकत गेले होते. खांदे झटकायची सवय इतकी मुरलेली की पांढरा शर्ट असला तरी हात आपोआप खांद्यावर जायचा. शाम्पू म्हणाल तर त्याही बाबतीत कधी कंजुषी केली नाही. दर दीड-दोन महिन्यांनी बाटली बदलायची. पहिल्या दोन धुण्यांत ‘वा, फरक पडला’ वाटायचं, महिन्याभरात खाज परत, की पुन्हा नवी बाटली. निवडीची माझी पद्धतही ठरलेली होती. झाकण उघडून वास घ्यायचा. बाटलीवर पानंफुलं असली तर तो सौम्य, निळी-पांढरी असली तर औषधी. डोक्याला गार गार लागलं तर म्हणायचं, चला, आत काहीतरी काम चाललंय.

कीबोर्ड झाडून झाल्यावर त्या संध्याकाळी बाथरूमच्या फळीवरच्या आणि सिंकखालच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. सात निघाल्या, एकही पूर्ण संपलेली नाही. जमिनीवर मांडी घालून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पाठीमागून वाचल्या. अक्षरं इतकी बारीक की फोनचा कॅमेरा झूम करावा लागला.

जे सापडलं त्याने आधी हसू आलं आणि मग राग. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत औषध एकच होतं, झिंक पायरिथिऑन, १ टक्का. त्यातली एक मी ‘अगदीच बेकार’ म्हणून बाजूला सारली होती आणि दुसरीची ताईकडे फोनवर तारीफ केली होती. तिसरीवर समोर मोठ्या अक्षरात कोंड्याचं नाव, पण मागे यादीत कोंड्यामागच्या बुरशीवर (ती मला नंतर कळली) चालेल असं काहीच नाही. होतं ते मेंथॉल. म्हणजे तो गारवा ज्याला मी ‘काम चाललंय’ समजत होते, तो नुसता गारवाच. त्याच बाटलीच्या समोरची ओळ नीट वाचली तर तिथेही शब्द जपूनच वापरले होते: ‘दिसणाऱ्या खपल्या’ धुऊन काढतो. दिसणाऱ्या खपल्या तर कुठल्याही शाम्पूने धुतल्या जातातच की. आणखी दोन नुसतेच सुगंधी, एक सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा. सातवी बाटली तर कंडिशनरची निघाली.

आठवी विकत आणण्याचा मोह त्या दिवशी आवरला, तो समंजसपणामुळे नव्हे. डाव्या कानामागे एक पिवळसर, तेलकट खपली धरली होती. ती नखाने काढली की खाली लाल आणि ओलसर व्हायचं. म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. कोंड्यासाठी डॉक्टर गाठायचा म्हणजे ओरखड्यासाठी रुग्णवाहिका बोलवण्यासारखं वाटत होतं, ते वेगळं.

डॉक्टरांनी डोकं पाहायच्या आधी माझ्या भुवया पाहिल्या. मग नाकाच्या दोन्ही बाजूंच्या घड्या. मग बाह्या वर करायला सांगून कोपरं पाहिली, हाताची नखं उजेडात धरून पाहिली. मला वाटलं चुकीच्या खोलीत आले. त्यांनी नंतर सांगितलं: सोरायसिस असेल तर कोपर-गुडघ्यांवर जाड, चंदेरी खवले दिसू शकतात, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात, आणि डोक्यातले चट्टे केसांची रेषा ओलांडून कपाळावर उतरतात. माझ्यात तसं काही नव्हतं. भुवयांत आणि नाकाशी मात्र बारीक तेलकट पापुद्रे होते, जे मी ‘थंडीने त्वचा फुटलीय’ म्हणून क्रीम लावून दाबत होते. हे सगळं एकाच जातीचं, नाव सेबोऱ्हिक डर्माटायटिस, आणि साधा कोंडा म्हणजे त्याचंच सौम्य रूप. केस कधी रंगवले, रंगाने खाज वाढते का, हेही विचारलं, कारण हेअर डायची अ‍ॅलर्जीही अशीच खाजते आणि तिला कोंड्याचा शाम्पू उपयोगाचा नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

“शाम्पू डोक्यावर किती वेळ ठेवता?”

“ठेवते म्हणजे?”

“लावल्यापासून धुवेपर्यंत.”

मी मनातल्या मनात आंघोळ करून पाहिली. ओतला, चोळला, फेस आला, पाणी. “वीस-तीस सेकंद असतील,” मी म्हणाले, आणि तेही वाढवूनच सांगितलं होतं.

“मग औषध गटारात काम करतंय,” डॉक्टर अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. चिठ्ठीवर बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू लिहिला: केटोकोनाझोल २ टक्के, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, प्रत्येक वेळी पाच मिनिटं. ‘पाच मिनिटं’खाली दोन रेघा.

घरी येऊन वाचत बसले, कारण डॉक्टरांचा ‘बुरशी’ हा शब्द डोक्यात बसत नव्हता. मी स्वच्छ राहते, कंगवा धुते, तरी बुरशी कशी? तर मॅलॅसेझिया नावाचं हे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, जवळपास प्रत्येक मोठ्या माणसाच्या डोक्यावर राहतं, कोंडा असो वा नसो. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच माणसाने १८७४ मध्ये डोक्याच्या खपल्यांत ते पाहिलं, म्हणून हे नाव. त्याला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत. २००७ मध्ये त्याच्या एका जातीचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा ती सोय करणारं जनुकच त्यात सापडलं नाही. मग ते आपल्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगतं. ते तेल फोडून त्यातला हवा तो भाग घेतं आणि नको ते, मुख्यतः ओलेइक आम्ल, तिथेच टाकून देतं. कोंड्याचा त्रास ज्यांना नाही त्यांना या आम्लाने फारसं काही होत नाही. ज्यांची त्वचा त्याला चिडते त्यांची कातडी घाईघाईने नवी बनायला लागते. एरवी साधारण महिन्याभराच्या फेरीत, एकेक सुट्या पेशींत, न दिसता झडणारी त्वचा मग पुंजक्यांनी पडते. ते पुंजके म्हणजे कोंडा.

हे कळल्यावर माझी दोन पापं एकदम लक्षात आली. डोकं कोरडं पडलंय म्हणून पापुद्रे निघतायत, या समजुतीने मी रात्रभर तेल लावून झोपायचे. सकाळी खपल्या मऊ होऊन बसलेल्या असत, त्यामुळे बरं वाटायचं. प्रत्यक्षात मी रात्रभर पंगत वाढून ठेवत होते. दुसरं म्हणजे ‘रोज धुतल्याने कोंडा वाढतो’ असं कुणीतरी म्हटलं म्हणून दहा-दहा दिवस डोकं न धुणं. कोरड्या डोक्याच्या माणसाला ते चालत असेल. त्याचे पापुद्रे बारीक, सुके, पांढरे असतात आणि बहुतेकदा हातापायांची कातडीही कोरडी असते. माझे मोठे, पिवळट, बोटाला चिकटणारे. नखाखालचा पापुद्रा कागदावर चोळला तर कागदावर तेलाचा पुसट डाग पडला, तेव्हा माझ्यापुरता वाद मिटला.

आता ती पाच मिनिटं.

ऐकायला पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही. ओल्या अंगाने, डोळे अर्धे मिटून, कपाळावरून ओघळणारा फेस मनगटाने थोपवत उभं राहून बघा. पहिल्या दिवशी फोन टायमर लावून बेसिनवर ठेवला, तासभर झाला असं वाटून डोकावले तर एक मिनिट चाळीस सेकंद. मानेवरून थेंब पाठीत उतरत होते, थंडी वाजत होती, आणि काय करावं ते सुचत नव्हतं. दुसऱ्या खेपेपासून क्रम बदलला: आधी डोक्याला शाम्पू, मग अंगाला साबण, पाय घासणं, बादली विसळणं, असं करत पाच मिनिटं संपवायची. हे कुठल्याच बाटलीवर लिहिलेलं नसतं, पण माझ्यासाठी उपचार टिकला तो याच्यामुळे.

दुसरी अडचण लांब केसांची. माझे केस खांद्याखाली येतात. वर्षानुवर्षं मी शाम्पू तळहातावर घेऊन केसांच्या वरून थापत आले होते, म्हणजे औषध केसांना आणि त्वचा कोरडीच. खाज केसांना येत नाही, हे इतकं उघड असूनही. आता केस नीट भिजवून बोटाने भांग पाडायचा, त्या रेषेवर थोडासा शाम्पू, बोटांच्या पेरांनी चोळायचा, मग शेजारी दुसरा भांग. असे सहा-सात. कानामागे आणि मानेच्या काठाला शेवटी वेगळा. नखं अजिबात लावायची नाहीत. हा नियम मी सर्वांत जास्त मोडला. डोकं फार तेलकट असेल त्या दिवशी आधी साध्या शाम्पूने एकदा डोकं धुऊन घ्यायचं आणि मग औषधाचा लावायचा. भुवयांवर आणि नाकाशीही तोच फेस डॉक्टरांना विचारून मिनिटभर ठेवत होते, डोळे घट्ट मिटून. एकदा उघडले. पुन्हा नाही.

मंगळवार आणि शनिवार ठरवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखांना गोल केले. पहिल्या आठवड्यात काहीही नाही. उलट चोळल्यामुळे सुटलेल्या खपल्यांनी उशीची खोळ भरली आणि मला वाटलं, हीपण बाटली सातांच्या रांगेत जाणार. पूर्वीची मी असते तर तिथेच थांबले असते. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका रात्री लक्षात आलं की पूर्ण सिनेमा पाहिला आणि हात एकदाही डोक्याकडे गेला नाही. पापुद्रे तेव्हाही पडतच होते. म्हणजे आधी खाज गेली, खपल्या नंतर. असं का, ते विचार केल्यावर पटलं: बुरशी कमी झाली तरी जी कातडी आधीच बिघडून बनली आहे ती झडून जायलाच हवी. तिसऱ्या आठवड्यात कानामागचा ओलसरपणा गेला. चौथ्या आठवड्यात मी काळं जॅकेट घालून दिवसभर फिरले आणि संध्याकाळी दिव्याखाली खांदे तपासले. दोन कण. त्यातला एक तर बहुतेक धूळ होती.

किंमतही मोजावी लागली. केसांची टोकं झाडूसारखी झाली. म्हणून कंडिशनर, पण फक्त कानाच्या खालच्या लांबीला, मुळांना नाही. (सिंकखाली सापडलेल्या सातव्या बाटलीला अखेर काम मिळालं.)

चार आठवडे संपले, बाटली संपली, मी विजयी. गोल करणं बंद. दीड महिन्याने पुन्हा तेच, आधी कपाळाच्या वर, मग कानामागे. डॉक्टरांकडे गेले ती तक्रार घेऊनच, की औषध लागू पडलं नाही. ते म्हणाले, “लागू पडलं होतं, तुम्ही बंद केलंत.” यीस्ट कायमचं हाकलता येत नाही, ते त्वचेचं रहिवासीच आहे. त्याची संख्या दाबून ठेवायची, आणि सोडलं की ते वाढतं. आवरल्यावरही दर एक-दोन आठवड्यांनी एकदा औषधाचा शाम्पू लावत राहायचा. हे त्यांनी पहिल्या वेळीही सांगितलं असणार. मी ‘चार आठवडे’ एवढंच ऐकलं होतं.

पुन्हा एक महिना केला, पुन्हा गेला. देखभालीसाठी मात्र दुसरं काहीतरी हवं होतं, जे चिठ्ठीशिवाय मिळेल, शिवाय केसांना इतकं रखरखीत करणार नाही. इथे मी पुन्हा प्रयोगाला लागले, पण आता पाठची बाजू वाचून, प्रत्येकाला चार आठवडे आणि पाच मिनिटं देऊन.

सेलेनियम सल्फाइड, १ टक्का. खाज दबून राहिली, शंका नाही. पण वास गंधकाचा, आणि माझं डोकं दुसऱ्याच दिवशी तेल लावल्यासारखं दिसायला लागायचं. चांदीची अंगठी काढून ठेवावी लागते. रंगवलेल्या किंवा फिक्या केसांचा रंग त्याने बदलू शकतो म्हणून खूप वेळ खळखळून धुवावं लागतं. ज्यांची त्वचा कमी तेलकट आहे त्यांना कदाचित छान चालेल. मी सोडून दिला.

कोल टार. हा कातडी बनण्याचा वेग कमी करतो, आणि जाड खपल्या, सोरायसिस असणाऱ्यांना उपयोगी पडतो. मला एवढ्या तोफेची गरज नव्हती, पण उत्सुकता होती. त्या आठवड्यात ताई आली होती. मी बाथरूममधून बाहेर आले तशी ती नाक आक्रसून म्हणाली, “काय गं, डांबरगोळ्यांच्या कपाटात झोपली होतीस का?” डांबरच होतं ते, गोळ्यांचं नाही इतकंच. उशीवर पिवळसर डाग पडला तो अजून आहे. हा लावला तर डोकं कडक उन्हापासून जपायचं असतं, हेही एक लचांड.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडची बाटली घरात होतीच. ती खपली मऊ करून सोडवते, बुरशीकडे फारसं बघत नाही. म्हणून एकटीच्या भरवशावर ती महिनाभर वापरली तेव्हा डोकं स्वच्छ आणि खाज कायम, असा अनुभव. पण कानामागे पुन्हा जाड धरलं तर आधी एकदा ती आणि पुढच्या खेपेपासून बुरशीवरचं औषध, ही जोडी मला जमली.

शेवटी हात गेला त्या झिंक पायरिथिऑनच्या बाटलीकडे, जिला मी ‘अगदीच बेकार’ ठरवलं होतं. मुदत तपासली, अजून सहा महिने होते. नीट हलवून घेतली, कारण औषध तळाशी बसू शकतं. भांग पाडून लावली, पाच मिनिटं ठेवली, आठवड्यातून दोनदा. चार आठवड्यांनी काळं जॅकेट, दिव्याखाली तपासणी, आणि खांदे साफ. तीच बाटली, तोच १ टक्का. केटोकोनाझोलने मैदान आधी मोकळं करून दिलं होतं हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय तिला देणार नाही. पण जिला मी वर्षभर शिव्या घातल्या तिला आधी कधी वेळच दिला नव्हता, हेही तेवढंच खरं.

या झिंकची एक गंमत. एका मैत्रिणीने युरोपातून त्याच नावाचा, त्याच रंगाच्या बाटलीचा शाम्पू आणून दिला. मागे वाचलं तर आत पिरोक्टोन ओलामाइन. युरोपीय महासंघात मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑन वापरायला बंदी आहे, प्रजननाला घातक म्हणून त्याचं वर्गीकरण झाल्यामुळे. इतरत्र अनेक ठिकाणी ते ठरावीक मर्यादेत चालतं. पिरोक्टोनही बुरशीवरच चालतं आणि सौम्य आहे. मी आता दोन्ही आलटून पालटून वापरते. पण नाव तेच, बाटली तीच आणि औषध वेगळं हे पाहिल्यापासून ‘अमुक कंपनीचा शाम्पू चांगला’ हे वाक्य मी बोलायचं सोडून दिलं आहे.

सध्याचा बेत असा: आठवड्यातून एकदा झिंक किंवा पिरोक्टोन, मधल्या दिवशी साधा शाम्पू, महिन्यातून एकदा केटोकोनाझोल. झोप बिघडली, कामाचा ताण वाढला, थंडी पडली की कपाळाच्या वर चुरचुरतं, मग दोन आठवडे पुन्हा मंगळवार-शनिवार. तेल लावलंच तर टोकांना, मुळांना नाही.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला. तिच्या मुलाच्या डोक्यात कोंडा झालाय, तू कोणता शाम्पू वापरतेस? मी आधी विचारलं, वय किती झालं आता त्याचं, बारा ना? केस कुठे गोल चकतीसारखे गळलेत का? पांढरं जे दिसतं ते झटकलं की पडतं, की केसाला चिकटून बसतं? चिकटत असेल तर लिखा आहेत, शाम्पू वेगळा. चकती दिसली तर थेट डॉक्टर, मुलांत तो डोक्याचा नायटा असू शकतो आणि त्याला पोटातून औषध लागतं. ती म्हणाली, नाही गं बाई, साधा कोंडा आहे, तू नाव सांग. मी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो काढला, औषधाच्या नावाभोवती लाल गोल केला, खाली ‘५ मिनिटं’ लिहून पाठवला.

दोन मिनिटांत उत्तर आलं: “हे काय पाठवलंस? पुढची बाजू पाठव, दुकानात कशी ओळखू?”